छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये व्हीगन पिझ्झा: फोनवर नेमकं काय विचारू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझी धाकटी बहीण व्हीगन आहे, म्हणजे दूध, चीज, अंडं, मध काहीच नाही, आणि तिच्या वाढदिवसाला आम्ही सगळे एका छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जायचं म्हणतोय. चेन नाहीये, नवरा-बायको दोघंच चालवतात, मोजकी टेबलं, लाकडाची भट्टी, एका पानाचा मेनू. मोठ्या चेनवाल्यांच्या साइटवर निदान कशात काय आहे याचा तक्ता तरी असतो, इथे फोन करणं हाच मार्ग. पण "व्हीगन मिळेल का" विचारलं की "हो हो, व्हेज आहे ना" असंच उत्तर येतं हो! पिझ्झा टेबलावर आल्यावर वाद घालत बसायची अजिबात इच्छा नाही, तेही वाढदिवसाला.

नेपल्सच्या पद्धतीत पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच असतं हे माहितीये, पण सगळेच ती पद्धत पाळतात का? सॉसचं काय? आणि नुसतं "चीज घालू नका" सांगितलं तर कोरडा ब्रेड खाल्ल्यासारखं नाही का होणार? घरून व्हीगन चीज नेलं तर त्यांना राग येईल का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: खादाडखाऊ
चीज वजा करून कशाला मागवताय, मरिनारा मागवा की. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह ऑइल, बास. त्यात चीज मुळातच नसतं. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची १९८४ साली स्थापन झालेली संघटना आहे, ती अस्सल म्हणून दोनच पिझ्झे धरते, मार्गारीटा आणि हा. त्यामुळे मालक जरा जरी पिझ्झावेडा असेल तर ही ऑर्डर ऐकून खूशच होईल, मेनूत नसला तरी सामान त्याच्याकडे असतंच. वर मशरूम, ऑलिव्ह, केपर्स घालून घ्या, आणि सॉस नि तेल जरा सढळ हाताने घालायला सांगा, कारण चीजचा थर नसला की सॉस भट्टीत लवकर आटतो.

प्रतिसाद: उंटावरचा शहाणा
फोन दुपारचं जेवण आटोपल्यावर करा, ऐन गर्दीत कोणी नीट उत्तर देत नाही. "व्हीगन" शब्दावर विसंबू नका, एकेक पदार्थ विचारा. पिठात दूध, बटर किंवा डुकराची चरबी घालता का, सॉसमध्ये बटर किंवा अँचोव्ही (छोटे खारवलेले मासे) आहे का, वांगी तळताना अंडं लावता का. पेस्टो (बेसिलचा सॉस) हिरवा दिसतो म्हणून फसू नका, पारंपरिक पेस्टोत चीज असतंच. आणि पार्मिजानो रेज्जानो (अस्सल पार्मेझान चीज) वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, वापरून करतात, म्हणजे ते कट्टर शाकाहारी माणसालाही चालणार नाही, पण मेनूवर बिनधास्त व्हेजमध्ये.

घरचं चीज नेऊ नका असं माझं मत. बरीचशी व्हीगन चीज म्हणजे खोबरेल तेल आणि स्टार्च, दुधातलं केसिन हे प्रथिन नसल्यामुळे तार सुटत नाही, आणि लाकडाच्या भट्टीत पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो, तेवढ्यात ते धड वितळेलच असं नाही. त्यांच्याकडे असेल तर पाकीट बघा, "लॅक्टोज-फ्री" म्हणजे दूधच असतं.

एक महत्त्वाचं, बहिणीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे की तत्त्व म्हणून सोडलंय? अ‍ॅलर्जी असेल तर तेच फावडं, तीच भट्टी, तोच कटर, सगळंच विचारावं लागेल आणि छोट्या किचनमध्ये ते अवघड आहे.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे! अ‍ॅलर्जी नाही, तत्त्वच, त्यामुळे भट्टी चालेल, कटर तेवढा पुसून घ्या सांगेन. मरिनारा पक्का, तिला लसूण जास्तच आवडतो (शेजारी कोण बसणार ते नंतर ठरवू 😄). आता राहिलं गोड. तिरामिसू तर बादच ना?

प्रतिसाद: उंटावरचा शहाणा
बादच, अंडं आणि मस्कार्पोने चीज दोन्ही. लिंबाचं सॉर्बे आहे का बघा, पण काही जण त्यातही अंड्याचा पांढरा भाग किंवा दूध घालतात, त्याच फोनवर विचारून घ्या.