दुबईहून परततोय, मसाल्याचा धंदा मुंबईत जमेल का?

दहा वर्षं दुबईत. डब्यांचा धंदा बसला, मग दुबईतल्याच करामा भागात मसाल्याचं दुकान टाकलं. 2018 मध्ये 5 टक्के व्हॅट आला, तेव्हा कुठे वह्या शिस्तीत लागल्या! आई गोरेगावात एकटी, म्हणून परततोय. तिकडचं दुकान इथून फोनवर बघेन.

— फोनवर? आधी सीए गाठा. परतल्यावर काही काळ परदेशी कमाईला इथे करातून सूट मिळू शकते, पण धंद्याची सूत्रं भारतातून हलली तर ती कमाई सुटत नाही.

— आणि लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात चक्कर मारा. बायका मिरची स्वतः निवडून डंकावर डोळ्यांदेखत कुटून घेतात. तुमचं मसाल्याचं तयार पाकीट कोण घेणार?

— त्यांच्या सुना, दादा. त्यांना सुट्टी कुठे मिळते!