मोनॅकोत राहायचं आणि स्टेडियमसाठी सरकारी तिजोरीकडे बघायचं?

सॅलफर्डकर

परवा इथे एकाने लिहिलं होतं, "रॅटक्लिफ स्वतःचे पैसे ओततोय, तिकिटाचा दर तो ठरवेल. परवडत नसेल त्याने टीव्हीवर बघावं, उगाच गळे काढू नयेत." तीन ओळींची पोस्ट, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हणून सविस्तर लिहितो.

मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लबचे सहमालक सर जिम रॅटक्लिफ मूळचे फेल्सवर्थचे, म्हणजे मँचेस्टरच्या वेशीवरचे. 2018 मध्ये 'सर' झाले आणि 2020 मध्ये मोनॅकोला राहायला गेले, जिथे त्यांना आयकर नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये युनायटेडचा 27.7 टक्के हिस्सा घेतला. त्याच महिन्यात म्हणाले की उत्तरेतले लोकही कर भरतात, मग राष्ट्रीय दर्जाची स्टेडियम सगळी दक्षिणेतच का? उत्तरेलाही वेम्बली (लंडनचं राष्ट्रीय स्टेडियम) हवं आणि त्यासाठी सरकारने विचार करावा.

उत्तरेतले लोक कर भरतात हे शंभर टक्के खरं. मी भरतो. मी इथल्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढतो. महिनाअखेरीला पगाराची पावती येते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून बायको आणि मी बसतो. आयकर, नॅशनल इन्शुरन्स, पेन्शन, हे सगळं हातात पैसे यायच्या आधीच गेलेलं असतं. त्यातून उरलेल्यातून कौन्सिल टॅक्स. आमच्या भागातलं वाचनालय आता आठवड्यातून तीनच दिवस उघडतं, कारण निधी नाही. कर कुठल्या देशात भरणार, असं मला कुणी कधी विचारलेलं नाही.

ज्यांना ती निवड आहे त्यांनी खुशाल करावी, कायद्यात बसते. पण मग 'उत्तरेतले लोक कर भरतात' हे वाक्य त्यांनी उच्चारू नये. तो हिशोब आमचा आहे.

आता तिकिटं. नोव्हेंबर 2024 मध्ये, हंगाम अर्धा व्हायच्या आत, क्लबने उरलेली सभासद तिकिटं सरसकट 66 पौंड केली. लहान मुलं आणि पेन्शनवाले यांनाही सवलत ठेवली नाही. त्याच वर्षी क्लबमधल्या सुमारे 250 जणांच्या नोकऱ्या गेल्या. ग्लेझर या अमेरिकन कुटुंबाने 2005 मध्ये सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर चढवलं, तेव्हापासून व्याज क्लब फेडतोय. 2012 मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली, नोंदणी केमन बेटांवर. एवढं सगळं झाल्यावर मे 2024 मध्ये आर्सेनलच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे क्लबच्या स्टेडियमच्या, छपरातून धबधबा कोसळला.

टाळेबंद

पोस्ट माझीच होती. मागे घेत नाही.

तुम्ही दोन गोष्टींची मिसळ केली आहे. मार्च 2025 मध्ये जाहीर झालेलं एक लाख आसनांचं, दोन अब्ज पौंडांचं स्टेडियम खाजगी पैशातून उभारायचं, हे क्लबने स्पष्ट सांगितलं आहे. सरकारी पैसा मागितला आहे तो भोवतालच्या परिसरासाठी: रस्ते, घरं, आणि स्टेडियमला खेटून असलेलं मालगाड्यांचं टर्मिनल हलवायला. ते टर्मिनल रॅटक्लिफच्या खिशात जाणार नाही.

दुसरं, करनियोजन आणि करचुकवेगिरी हे वेगळे शब्द आहेत. बावीस वर्षं हेच काम करतोय. ब्रिटनमध्ये किती दिवस राहिलं, घर कुठे, कुटुंब कुठे यावरून करनिवास ठरतो, आणि तो नियम संसदेने केला आहे. रॅटक्लिफने नाही. मोनॅकोला जायच्या आधी तो ब्रिटनमधल्या मोठ्या करदात्यांत होता, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस, पगारदारसुद्धा, पहिलं वाक्य हेच म्हणतो: "साहेब, कर कमी कसा बसेल ते बघा." तुम्हीही पेन्शनमध्ये पैसे टाकून कर वाचवताच ना?

सॅलफर्डकर

टर्मिनल खिशात जाणार नाही. पण ते हललं की जी जमीन मोकळी होईल, तिच्याशिवाय तुमचं एक लाख आसनांचं स्टेडियम ठरल्याप्रमाणे उभं राहत नाही. स्टेडियम झालं की क्लबची किंमत वाढेल, आणि ती वाढ रॅटक्लिफ आणि ग्लेझर यांची. खर्च सगळ्यांचा, वाढ त्यांची.

लंडनच्या वेस्ट हॅम क्लबचं काय झालं ते बघा. 2012 च्या ऑलिंपिकचं स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला 32.3 कोटी पौंड लागले, क्लबने दिले दीड कोटी. 99 वर्षांचा करार, सुरुवातीचं भाडं वर्षाला 25 लाख पौंड. कॉर्नरच्या झेंड्यांचा खर्चसुद्धा घरमालकाकडे, म्हणजे जनतेकडे. आणि एवढं करून चाहते खूश आहेत का? अप्टन पार्क हे जुनं मैदान गेलं, मैदान प्रेक्षकांपासून लांब गेलं. मार्च 2018 मध्ये बर्नलीविरुद्ध लोक मैदानात घुसले आणि मालक बसतात तिथे जाऊन ओरडले. फुकटात मिळालेल्या स्टेडियमने त्यांचं समाधान झालेलं नाही, कारण विचारलंच नव्हतं कुणी त्यांना.

अनुजा_डार्वेन

मी ब्लॅकबर्नशेजारी डार्वेनला राहते, मूळची कोथरूडची. तुमच्या धाग्यात एक माणूस राहून गेला आहे, आणि त्याच्याशिवाय हा वाद अर्धा आहे. जॅक वॉकर, ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबचा जुना मालक.

पहिल्या वर्षी मुलाचे केस कापायला घेऊन गेले होते. न्हाव्याने विचारलं, कुठल्या तुम्ही? म्हटलं, पुणे. त्याची कात्री थांबली. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "ओह, पुणे." आरशाच्या वरच्या कोपऱ्यात वॉकरचा फोटो होता, पिवळट पडलेला. पुढची वीस मिनिटं मला 1995 च्या लीगचा शेवटचा दिवस ऐकावा लागला: अ‍ॅनफिल्डवर ब्लॅकबर्न हरलं, पण तिकडे युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि विजेतेपद इकडे आलं. वॉकरने स्ट्रायकर शिअररला आणलं, व्यवस्थापक डॅलग्लिशला आणलं, ईवुड पार्क हे क्लबचं मैदान नव्याने बांधलं. सांगताना त्या माणसाचे डोळे भरून आले होते.

घरी येऊन वाचलं तर हा वॉकर पोलादाचा धंदा ब्रिटिश स्टीलला 33 कोटी पौंडांना विकून राहायचा कुठे? जर्सी बेटावर. कर कमी म्हणून. त्याचा पुतळा आहे. आणि पुण्याच्या व्यंकीज या चिकनच्या कंपनीने 2010 मध्ये 2.3 कोटीला क्लब घेऊन आजवर वीस कोटी पौंडांहून अधिक ओतले, तर त्यांच्या नावाने शिमगा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. चाहत्यांचा राग कराचा नसतो, हे मान्य करा. जिंकलं की मोनॅकोही गोड लागतं.

टाळेबंद

अनुजाताई, हे मला सुचायला हवं होतं.

सॅलफर्डकर

मालक पुण्याचे म्हणून वकिली चालली आहे, बाकी काही नाही. व्यंकीजने डिसेंबर 2010 मध्ये, घेतल्यावर महिन्याभरात, व्यवस्थापक अ‍ॅलरडाइसला काढलं. त्या वेळी संघ तळाला नव्हता. मे 2012 मध्ये प्रीमियर लीगमधून खाली, 2017 मध्ये आणखी खाली, तिसऱ्या पायरीवर. खेळाडूंना ड्रेसिंगरूममध्ये बसवून चिकनची जाहिरात केली. वॉकरशी तुलना? वॉकर त्या गावचा होता, लहानपणापासून तो संघ बघत होता!

अनुजा_डार्वेन

'पुण्याचे म्हणून वकिली' हे शब्द मागे घ्या. व्यंकीजच्या चुका मला तुम्ही शिकवू नका, मी दर पंधरा दिवसांनी ईवुडला बसते. मे 2012 मध्ये विगनच्या सामन्यात मैदानात कोंबडी सोडली होती, तो किस्सा मला पुणे म्हटलं की प्रत्येक जण ऐकवतो, आणि मी दरवेळी हसते, कारण न हसून चालत नाही. काही वर्षं तर भारतातून क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागायची. प्रत्येक तारखेला आमच्या पोटात गोळा. सात हजार किलोमीटरवरच्या एका तारखेवर आमचा लेफ्ट बॅक राहणार की जाणार, ते ठरायचं. तेव्हा वकिली वगैरे म्हणू नका.

आणि तुमचा मुद्दा काय झाला आता? गावचा असला की जर्सीत राहिलेलं चालतं? मग फेल्सवर्थचा रॅटक्लिफही गावचाच आहे!

गोरेगावकर

इंग्लंडचं एवढं लिहिताय, आपल्याकडे बघा. 2023 मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर कमी केले, तेही 2011 पासून मागच्या तारखेने. जगातलं सगळ्यात श्रीमंत क्रिकेट मंडळ, आणि बंदोबस्ताचे पैसे माफ! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हाही आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला कोर्टालाच सांगावं लागलं होतं. आणि माझ्या घराजवळच्या मैदानावर पोरांना खेळायला जागा नाही.

टाळेबंद

गोरेगावकर, वेगळा धागा काढा. विषय फुटबॉलचा आहे.

गोरेगावकर

विषय श्रीमंतांनी जनतेच्या पैशावर खेळ चालवायचा आहे. धाग्याचं नाव वाचा.

पेठेतला गोली

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर अकरा हंगाम गोलात उभा राहिलोय, दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. तुमची भांडणं वाचून एक विचारतो. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, हे सगळे तालमीचे संघ. मालक कोण, असं विचारलं तर पेठेतलं शेंबडं पोरगंपण हसेल. माझे पहिले ग्लोव्हज भांड्याच्या दुकानदाराच्या वर्गणीतून आलेले. हरलो की दुसऱ्या दिवशी तो दूध घ्यायच्या रांगेत सगळ्यांसमोर झाडायचा. त्याचा हक्क होता, मी मान खाली घालून ऐकायचो.

आमच्यातबी घाण आहे. मैदानाबाहेर दगड पडलेत, पोलिसांनी सामने थांबवलेत. सगळं गोड आहे असं म्हणत नाही. पण तालीम विकून कोण मोनॅकोला गेलाय असं अजून झालं नाही बघा. वॉकर आणि रॅटक्लिफमधला फरक मला तरी जर्सी-मोनॅकोचा वाटत नाही. वॉकरने सरकारकडं मागितलं का?

अनुजा_डार्वेन

ईवुड पार्क त्याने स्वतःच्या पैशाने बांधलं, असंच इथे सगळे सांगतात.

हं. हा फरक आहे खरा.

सॅलफर्डकर

गोली, हेच मला पहिल्या पोस्टमध्ये लिहायला जमलं नाही. अनुजाताई, ते वाक्य मागे घेतो, चुकलंच. आणि वॉकरबाबत आम्हा लोकांची स्मृती निवडक आहे हेही खरं. करातून जे गेलं ते ब्लॅकबर्नच्याच रुग्णालयांचं गेलं, ते कुणी मोजत नाही, कारण विजेतेपद दिसतं आणि कर दिसत नाही.

म्हणून तर 2005 मध्ये ग्लेझर आल्यावर काही जणांनी युनायटेड सोडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. एक सभासद, एक मत. मँचेस्टरमधल्या मॉस्टनला स्वतःचं मैदान आहे.

टाळेबंद

त्या मैदानालाही कौन्सिलचा आणि सरकारी क्रीडा निधीचा पैसा लागलेला आहे. तपासून बघा. तुमच्या लाडक्या क्लबला दिलेला पैसा अनुदान आणि दुसऱ्याला दिलेला लूट?

सॅलफर्डकर

लागला आहे. पण तिथे ज्या किमतीची वाढ होईल ती कुणा एकाला विकून नेता येत नाही. शेजारी मँचेस्टर सिटी क्लबचं उदाहरण घ्या. राष्ट्रकुल स्पर्धांचं स्टेडियम जनतेच्या पैशातून झालं, 2003 पासून सिटी तिथे भाडेकरू आहे, मालकी अजूनही कौन्सिलची. सिटीच्या मालकांबद्दल माझं मत वेगळं लिहीन, पण जमीन तरी शहराकडे राहिली. ओल्ड ट्रॅफर्डलाही तेच करा. टर्मिनल हलवायला जेवढा सरकारी पैसा लागेल, तेवढा हिस्सा सरकारच्या नावावर लिहा.

टाळेबंद

पैशाच्या बदल्यात हिस्सा, हे हिशोबात बसतं. माझा ग्राहक असता तर त्याला मी नको म्हणालो असतो, पण सरकारच्या बाजूने बसलो असतो तर पहिली अट हीच घातली असती. एवढं मान्य. 66 पौंडांबद्दल मत बदललेलं नाही.

सॅलफर्डकर

लहान मुलालाही 66?

टाळेबंद

लहान मुलांचं सोडा. ते चुकलं त्यांचं.

पेठेतला गोली

रविवारी पाटाकडील-दिलबहार आहे. निकाल इथंच टाकतो.