खलबत: गप्पा की कट?

ओसरीवरची
परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. आई आणि मावशी मेथी निवडतायत, डोक्याला डोकं लावून. खाली लिहिलं, 'खलबतं चालू!' मावशी भडकली. "आम्ही काय कुणाचं सरकार पाडतोय?"

म्हणून हा धागा. खलबत मुळात अरबी 'खल्वत', म्हणजे एकांत. फारसीच्या वाटेने मराठीत आला. सूफी साधक चिंतनाला एकटे बसतात, तीही खल्वतच. आधी एकांत, मग एकांतातलं बोलणं. यात कट कुठे आला?

तिरकस_रेघ
मी मावशींच्या बाजूने. मूळ काही का असेना, शब्द आज भेटतो कुठे? निकाल लागला की 'बंद दाराआड खलबतं'. आजी-नातीचं असतं ते हितगुज. गूजसुद्धा 'गुह्य'पासूनच आलंय, म्हणजे गुपितच, पण मायेचं. खलबतात कुणाला तरी मुद्दाम बाहेर ठेवलेलं असतं.

पाटावरवंटा
अरबस्तानात कशाला जायचं? खल म्हणजे दुष्ट. त्यांची बात ती खलबत. विषयाचा 'खल' करतात तोही हाच.

ओसरीवरची
नाही हो. तो खल औषध घोटायचा. घोटून घोटून बोलणं. बत्ता हवा तर तोही घ्या :) आणि 'बात' ती, खलबत मात्र ते. 'व'चा 'ब' आपण कायम करतो: जवाबचा जबाब, नवाबचा नबाब.

गडभटक्या
रायगडावर राजवाड्याजवळ एक तळघर आहे. कुणी रत्नशाळा म्हणतं, कुणी खलबतखाना. गुप्त मसलती तिथे होत, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना कुणी कारस्थानं म्हणत नाही. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात तर 'खिलवत मुबारक' आहे. नाव एकांताचं, आणि भरायचा निजामाचा दरबार, वर ही झुंबरं!

तिरकस_रेघ
मसलत राज्याची होती, मेथीची नव्हे. दरबारी शब्द स्वयंपाकघरात नेला की त्यात चेष्टा येणारच. चेष्टा केलीत ना? मग आता अरबी मुळाआड लपू नका.

ओसरीवरची
चेष्टा होती, कबूल. पण अशी चेष्टासुद्धा केली नाही तर हा शब्द निकालाच्या बातम्यांपुरताच उरेल.

ता.क. मावशीला 'खलबत म्हणजे एकांत' हे समजावून सांगितलं. म्हणाली, "मग एकांतात फोटो काढायला तू कशाला आलीस?"