ऐकत नाही, की ऐकू येत नाही? सोसायटीच्या ग्रुपवर चिंटूबद्दल झालेली चर्चा

शनिवार

सेक्रेटरी ए-401, रात्री 8:10
आज संध्याकाळी बी विंगच्या पार्किंगमध्ये एक लहान कुत्रा रिव्हर्स येणाऱ्या गाडीच्या मागून हललाच नाही. दोनदा हॉर्न दिला तरी तसाच उभा. वॉचमनने उचलला म्हणून बरं. ज्यांचा असेल त्यांनी कृपया पट्टा लावूनच खाली आणा.

बी-304 चिंटूची आई, 8:14
आमचा चिंटू होता तो. माफ करा सर, उद्यापासून पट्टा असेल. 9 वर्षांचा पांढरा पॉमेरेनियन आहे, वजन 6 किलो. दोन-तीन महिने झाले, हाक मारली तर येत नाही. पण बिस्किटाचा पुडा काढला की लगेच हजर. यांनी हाक मारली तर कधी कधी येतो, मुलीने मारली तर अजिबात नाही. घरात सगळे म्हणतात हट्टी झालाय. भुंकणंही वाढलंय.

सी-108, 8:17
वहिनी, लसूण घालून खोबरेल कोमट करा, दोन-दोन थेंब कानात सोडा. मळ सुटला की ऐकू येईल.

ए-102 डॉक्टर काका, 8:21
तेल अजिबात नको. आधी चिंटूचं बघू.

वहिनी, पुडा काढल्यावर येतो यावरून कान चांगले आहेत असं समजू नका. पुड्याला आवाज आहे तसा वास आहे. तुमचा हात कपाटाकडे जाताना त्याला दिसतो, आणि चहाची वेळ तर त्याला पाठ असते. आवाज सोडून तीन खुणा मिळाल्यावर पूर्ण बहिरा कुत्राही हजर होईल.

तुमच्या यांची हाक ऐकू येते आणि मुलीची येत नाही, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वयाने येणाऱ्या बहिरेपणात वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात. कुत्र्याला साधारण 67 हर्ट्झपासून 45,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. आपली धाव 20,000 पर्यंतच. त्यामुळे त्याचं वरचं टोक झिजायला लागतं तेव्हा घरात कुणाला पत्ता लागत नाही, हाकेला तो येतच असतो. 8 ते 10 वर्षांच्या पुढे ही घट नेहमीची आहे. भुंकणं वाढतं त्याचंही एक कारण हेच, स्वतःचा आवाज त्याला पुरेसा ऐकू येत नाही.

सी-503 ट्रेनर दादा, 8:29
काकांच्या मुद्द्याला जोडून. हट्टी कुत्रा आणि कमी ऐकणारा कुत्रा यांत फरक ओळखायचा तर तो येतो का हे बघूच नका, कान बघा. ऐकू येणाऱ्या कुत्र्याला यायचं नसलं तरी कान वळतो, नजर क्षणभर हलते, चाटत असला तर जीभ थांबते. एवढं तो लपवू शकत नाही. पॉमेरेनियनचे कान उभे असतात, त्यामुळे हे स्पष्ट दिसतं. कान हलला आणि कुत्रा आला नाही, तर प्रश्न सवयीचा आहे. कानही हलला नाही, तर डॉक्टर.

सवय बिघडण्याची कारणं ठरलेली. दिवसात पन्नास वेळा नाव घेतलं आणि त्यातून काहीच झालं नाही, की नाव म्हणजे घरातला गोंगाट होतो. आंघोळ, नखं कापणं, औषध, ओरडा यांच्याआधी नाव घेतलं, की नाव म्हणजे धोक्याची घंटा. आणि एकजण ‘ये’, दुसरा ‘इकडे ये’, तिसरा ‘कम’ म्हणत असेल, तर कुत्र्यासाठी ते तीन वेगळे शब्द आहेत.

पण एक लक्षात घ्या. अशी सवय बहुतेक 6 ते 18 महिन्यांच्या वयात बिघडलेली दिसते. नऊ वर्षं हाकेला येणारा कुत्रा दोन-तीन महिन्यांत ‘हट्टी’ होत नाही. म्हातारपणी अचानक बदल झाला तर आधी शरीरातच कारण शोधायचं.

बी-602, 8:33
दिवाळीतला एखादा फटाका शिल्लक असेल तर लांबून वाजवा, दोन सेकंदांत कळेल.

ए-102 डॉक्टर काका, 8:36
नको. हादरा बहिऱ्या कुत्र्यालाही अंगाला जाणवतो, म्हणजे उत्तर चुकीचं येणार. आणि ऐकू येत असेल तर ती भीती पुढे वर्षानुवर्षं निघत नाही.

घरी तपासायची पद्धत लिहितो, वहिनी. दोन माणसं लागतील. आवाज करणारा चिंटूला दिसता कामा नये. दुसऱ्याने लांब बसून मोबाईलवर शूटिंग घ्यायचं, चिंटूकडे टक लावायची नाही.

तो जागा पण निवांत पडलेला असताना करा. जेवणाआधी नको, फिरायला जायच्या वेळी नको. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. आवाज 3-4 मीटरवरून, दाराच्या आडून. जवळ जाऊन टाळी वाजवली तर हवेचा झोत त्याच्या केसांना लागतो. फरशीवर पाय आपटला किंवा भांडं पाडलं तर हादरा पंज्यांना कळतो. या दोन चुकांमुळे ठार बहिरी कुत्रीही ‘ऐकतात’ असं वाटतं. टीव्हीच्या काळ्या पडद्यात किंवा कपाटाच्या आरशात तुमची हालचाल दिसत नाही ना, तेही बघून घ्या.

आवाज चार घ्या. किल्ल्यांचा जुडगा, दाबल्यावर चीं करणारं खेळणं, हातात धरलेल्या स्टीलच्या ताटलीवर चमचा, आणि हातातच उलटी धरलेली रिकामी प्लास्टिकची बादली, तिच्यावर बोटांनी. पहिले दोन बारीक आवाज, बादली जाड. प्रत्येक आवाज 3 वेळा, क्रम मिसळून, मध्ये 2-3 मिनिटं जाऊ द्या. लागोपाठ वाजवलं तर चांगल्या कानाचा कुत्राही तिसऱ्या वेळेला कंटाळून दुर्लक्ष करतो, आणि आपण त्याला बहिरा ठरवून बसतो.

शिवाय 3 खोट्या फेऱ्या. जागेवर जायचं, तेवढाच वेळ थांबायचं, आवाज करायचा नाही. कुत्रा असाही अधूनमधून मान वळवतोच. खोट्या फेऱ्यांतही तेवढाच हलला, तर बाकीच्या नोंदी टाकून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

एकूण 15 फेऱ्या होतात. एका बैठकीत करू नका, सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. आवाजानंतरचे पहिले दोन सेकंदच धरायचे. कान, डोळे, मान, धाप थांबणं, यातलं काही झालं की ‘हो’.

बी-304 चिंटूची आई, 8:41
काका, उद्या रविवार आहे, सगळे घरी आहेत. करतो.

डी-205, 8:44
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुलीला दोन महिन्यांचं पूर्ण पांढरं पिल्लू घ्यायचंय. पांढरी कुत्री बहिरी असतात असं ऐकलं, खरं का?

ए-102 डॉक्टर काका, 8:52
सगळी नाहीत. चिंटूच्या जातीचा पांढरा रंग वेगळ्या कारणाने येतो, त्याचा बहिरेपणाशी तसा संबंध नाही. धोका आहे तो ठिपके-चट्टे आणणाऱ्या जनुकांमुळे आलेल्या पांढऱ्या रंगाला आणि मर्ल नावाच्या करड्या-चितकबऱ्या रंगाला. आतल्या कानाचं पोषण करणाऱ्या थरात रंगपेशी लागतात. त्या नसल्या की पिल्लू 3-4 आठवड्यांचं होईपर्यंत ऐकण्याच्या पेशी मरतात. डाल्मेशियनमध्ये हे सर्वांत जास्त दिसतं. मर्ल नर आणि मर्ल मादी यांची जोडी लावलेली असेल तर पिल्लू घेऊच नका, डोळ्यांचेही दोष येतात.

पिल्लाचे कान जन्मतः बंदच असतात, दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला घ्यायच्या आधी भावंडांपासून वेगळं करून तपासा. घोळक्यात असलं तर बाकीची उठली की तेही उठतं, आणि दोष झाकला जातो.

ए-701 ग्रूमिंगवाली ताई, 9:05
लसणाच्या तेलाबद्दल. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग आत काटकोनात वळते. तेल त्या वळणावर साचतं, हवा बंद होते आणि मलासेझिया नावाची बुरशी वाढते. नाशिकच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हे आधीच जास्त असतं. कानकाडीनेही तेच होतं, मळ बाहेर येण्याऐवजी वळणावर ठासला जातो. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांच्या नळीत केस असतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष. पग आणि फ्रेंच बुलडॉगची नळीच अरुंद असते.

निरोगी कान धुवायची रीत अशी. कुत्र्याच्या कानाचंच क्लीनर नळी भरेपर्यंत सोडायचं, कानाच्या मुळाशी 20-30 सेकंद चोळायचं, पचपच आवाज आला की आत पोचलं. मग त्याला डोकं झटकू द्यायचं आणि बोटाला कापूस गुंडाळून दिसेल तेवढंच पुसायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, व्हिनेगर नाही. चिंटूताई, कानाला वास येतो का तेवढं सांगा.

रविवार

बी-304 चिंटूची आई, संध्याकाळी 7:20
काका, नोंदी. किल्ल्या 3 पैकी 0. खेळणं 3 पैकी 0. ताटली 3 पैकी 1. बादली 3 पैकी 3. खोट्या फेऱ्या 3 पैकी 0. बादलीला कान लगेच वळतो, पण एकदा आवाज डावीकडून आला आणि त्याने उजवीकडे बघितलं. आणि ताई, उजव्या कानाला आंबूस वास येतोय, आत तपकिरी चिकट आहे.

ए-102 डॉक्टर काका, 7:31
नोंदी चांगल्या घेतल्या आहेत, विशेषतः खोट्या फेऱ्या शून्य आल्या म्हणून. हट्टीपणा नाही हे यातून नक्की दिसतं. हट्ट असता तर बादली आणि किल्ल्या यांत एवढा फरक पडला नसता. जाड आवाज शाबूत, बारीक गेलेले, हा नमुना वयाचा वाटतो. पण कानाचा वास आणि चुकीच्या बाजूला बघणं म्हणजे एका कानात अडथळाही असू शकतो. दोन कानांत आवाज कमी-जास्त पोचला की कुत्र्याला दिशा कळत नाही.

म्हणून आधी कानात दुर्बीण घालून तपासणी. मळ, बुरशी, गोचीड, सूज यांनी आवाज अडला असेल, तर उपचाराने ऐकणं बरंच परत येऊ शकतं. आतल्या पेशी झिजल्या असतील तर त्या परत येत नाहीत. हे दोन वेगळे आजार आहेत, बाहेरून एकसारखे दिसतात.

दवाखान्यात जाईपर्यंत कान धुऊ नका. काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी की जंतू ते बघतात, धुतला तर नमुना मिळत नाही. घरात जुनी ड्रॉप्सची बाटली असेल तर तीही नको. कानाच्या बऱ्याच औषधांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन असतं. पडदा फाटलेला असताना ते आत गेलं तर ऐकण्याच्या पेशी त्यानेच मरतात. पडदा शाबूत आहे का हे बघूनच औषध ठरतं. नवीन ड्रॉप्स मिळाले की सांगितलेले सगळे दिवस घाला. तीन दिवसांत वास गेला म्हणून थांबवलं की महिन्याभरात तेच परत, आणि नळीची कातडी दरवेळी जाड होत जाते.

मान एका बाजूला कलली, गोल गोल फिरायला लागला किंवा डोळे आपोआप हलायला लागले, तर त्याच दिवशी न्या. ते आतल्या कानाचं लक्षण असू शकतं.

डी-205, 7:38
दुर्बिणीतून किती टक्के ऐकू येतं ते कळतं का?

ए-102 डॉक्टर काका, 7:45
नाही. त्यासाठी बेअर टेस्ट. डोक्याच्या कातडीखाली बारीक सुया लावतात, एकेका कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत लहर पोचते का ते यंत्रावर बघतात. पिल्लाची 5 आठवड्यांनंतर करता येते. एकच कान गेलेला असेल तर खात्रीने सांगणारी हीच एक तपासणी, कारण घरात असा कुत्रा जवळजवळ सगळं ऐकतो. यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं, फोन करून विचारल्याशिवाय मुंबई-पुण्याची खेप घालू नका. चिंटूसाठी मला आत्ता तिची गरज वाटत नाही, टेस्टमुळे उपचार बदलणार नाही. प्रजननासाठी ठेवायच्या कुत्र्यासाठी मात्र करूनच घ्या.

सी-503 ट्रेनर दादा, 7:58
चिंटूताई, थोडं ऐकू येतंय तोवरच खुणा शिकवून घ्या. पूर्ण गेल्यावरही शिकतो, पण आत्ता शब्द आणि खूण जोडता येतात, काम निम्मं होतं.

पहिली खूण ‘शाब्बास’, म्हणजे अंगठा वर. अंगठा दाखवा, एका सेकंदाच्या आत खाऊ द्या. 10 वेळा, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. खाऊ हरभऱ्याएवढा पुरे, 6 किलोच्या कुत्र्याचं पोट लगेच भरतं. मग ‘ये’, हात बाजूला पूर्ण पसरून छातीकडे आणायचा. मोठी खूण ठेवा, लांबून दिसली पाहिजे. घरातल्या सगळ्यांची खूण एकच हवी, फ्रिजवर चित्र काढून लावा. अंधारात टॉर्च जमिनीवर दोनदा उघडझाप. लेझर मात्र नको, ठिपक्यामागे पळायचं वेड लागतं.

झोपेतून उठवताना अंगाला एकदम हात लावू नका, दचकून चावू शकतो. नाकासमोर तळहात धरा, वासाने उठेल. मुलीला हे आवर्जून शिकवा. कंप देणारा पट्टा चालेल, शॉकचा कधीच नाही. पॉमेरेनियनची श्वासनळी नाजूक असते, म्हणून दोरी गळ्याला न बांधता हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा. बिल्ल्यावर फोन नंबर आणि खाली ‘ऐकू कमी येते’ एवढं कोरून घ्या.

आणखी एक, जिना उतरायला बोलावलं आणि तो वरच उभा राहिला, तर प्रत्येक वेळी कानाचंच कारण धरू नका. या जातीत गुडघ्याची वाटी सरकते, दुखतं म्हणून येत नाही. मोतीबिंदूचंही तसंच, संध्याकाळी जास्त अडखळतो का ते बघा. डॉक्टरांकडे गेलात की गुडघे आणि डोळे त्याच फेरीत दाखवा.

ए-701 ग्रूमिंगवाली ताई, 8:06
गणपतीत ढोल पथक आणि डीजेपासून लांब. वाकडी बारवपासून पंचवटीपर्यंत मिरवणूक असते त्या दिवशी त्या रस्त्यांनी कुठलंच कुत्रं नेऊ नका. उरलंसुरलं ऐकणं मोठ्या आवाजाने लवकर जातं.

बी-304 चिंटूची आई, 8:11
उद्या सकाळी दवाखान्यात नेते. मुलगी आत्ताच अंगठा दाखवत बसलीये त्याच्यासमोर.

सेक्रेटरी ए-401, 8:15
दोन्ही शिफ्टच्या वॉचमनना सांगितलंय की पांढऱ्या पॉमेरेनियनला हॉर्न ऐकू येत नाही. बी विंगवाल्यांनी रिव्हर्स घेताना मागे एक नजर टाका, इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी विशेष करून. रॅम्पच्या वळणावरचा बंद ट्यूबलाइट उद्या बदलून घेतो.