टपाची गळती: सिलिकॉन नको

व्हॅनच्या गळक्या टपाच्या सांध्यांत सिलिकॉन भरून वर गच्चीचा वॉटरप्रूफ रंग मारा, असा सल्ला कुणी दिला तरी तो पत्र्याला चालणार नाही. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. गच्चीचा रंग पाण्यातला, उघड्या लोखंडावर लावताच खालून गंज धरतो.

आधी जुनं सीलंट खरवडा. गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा, थिनरने पुसा, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा गंजरोधक हात) मारा. पत्रा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर रेड ऑक्साइड हा तेलातला लाल प्रायमर टाळा. तेलातला रंग जस्तावर साबणासारखा होऊन सुटतो.

प्रायमर वाळल्यावर सांध्यांत, रिव्हेटांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. ६ मिमी रुंद आणि तितकीच जाड रेघ ओढली तर ६०० मिलीत साधारण १६ मीटर होतं. हे हवेतल्या ओलाव्यावर पिकतं, म्हणून लातूर-नांदेडच्या कोरड्या एप्रिलमध्ये तीन-चार दिवस थांबाच. घाई केली की रंगाला सांध्यावरच चिरा पडतात.

वरून पांढऱ्या पीयू रंगाचे दोन हात, १० चौ. मी. टपाला दोन लिटर पुरे. सकाळी नऊच्या आत उरका, तापल्या पत्र्यावर फोड येतात. स्प्रे करणार असाल तर साधा रुमाल कामाचा नाही, रंगात मिसळायच्या हार्डनरच्या विषारी वाफेसाठी बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो.