मेंदूच्या ऑपरेशननंतर डावीकडचं अर्धं दिसत नाही – अनुभव आणि सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज वेगळं विचारायचंय.

आमच्या ह्यांचं (वय ५१) फेब्रुवारीत मेंदूचं ऑपरेशन झालं. डोक्यात मागे, उजव्या बाजूला मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ होती. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही. बोलणं, चालणं, स्मरण सगळं शाबूत आहे. पण चार महिने झाले तरी दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, नंबरही तोच. त्यामुळे येणारा-जाणारा म्हणतो, "डोळे तर ठणठणीत दिसतायत!" इकडे ताटात डावीकडे चटणी वाढलेली असते आणि हे विचारतात, "आज चटणी नाही का?" डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटून काळानिळा झालाय. परवा पेपर वाचताना 'अनियमित पाणीपुरवठा' हे 'नियमित पाणीपुरवठा' असं वाचलं आणि म्हणाले, चला, एवढं तरी सुधारलं.

हे अनुदानित शाळेत मराठी शिकवतात. माझे प्रश्न: दृष्टी परत येईल का? काही व्यायाम आहे का? मोटारसायकल कधी चालवता येईल? आणि नोकरीचं काय?

अर्धाचंद्र
ताई, मी तुमच्या यजमानांचाच भाऊबंद. माझंही डावीकडचंच गेलंय, ऑपरेशनला तीन वर्षं झाली. आधी मोटारसायकलची किल्ली लपवा. मी "कॉलनीतल्या कॉलनीत" म्हणून स्कूटर काढली आणि डावीकडून आलेली सायकल मला थेट हँडलला लागल्यावरच कळली. पोरगं वाचलं. त्यानंतर मी गाडी विकली.

सगळ्यांत उपयोगी पडलं ते नजर फेकणं. थोडं डावीकडे बघून भागत नाही, कारण जेवढं दिसतं तेवढंच जग आहे असं मेंदू ठरवून टाकतो. प्रत्येक नव्या जागी आधी नजर पार डावीकडे, भिंत किंवा कोपरा दिसेपर्यंत न्यायची, मग उजवीकडे यायचं. मी घरी बायकोला टेबलावर दहा बटाटे पसरायला लावायचो आणि डावीकडून मोजायचो. महिनाभर रोज सात यायचे!

रस्ता ओलांडण्याचं मुद्दाम लिहितो. आपल्याकडे पहिल्या अर्ध्यात वाहनं उजवीकडून येतात, ते ह्यांना दिसतं. मधे पोचलं की डावीकडून येतात, घात तिथे आहे. मधे थांबायचं, मान पूर्ण वळवायची, मगच पाऊल. तुम्ही बरोबर असाल तर त्यांच्या डाव्या हाताला चाला.

आणि थकवा. दुपारी चारनंतर मला आजही वाचवत नाही. त्याला आळस समजू नका. लग्नकार्याची गर्दी तर वर्षभर टाळा.

रानपाखरू
त्राटक करून बघा. आमच्या शेजाऱ्यांचा चष्मा सुटला. सोबत गाईच्या तुपाचे दोन थेंब डोळ्यांत.

चष्मेबद्दूर
रानपाखरू, राग मानू नका, पण इथे डोळ्यांत काहीच घालायचं नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा आहे, जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही डोळ्यांतला डावीकडचा भाग मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, पार मागे उमटतो. कॅमेरे दोन्ही उत्तम आहेत, पडद्याचा अर्धा भाग गेलाय. म्हणून एक डोळा झाकला तरी डावीकडचंच जातं, आणि म्हणूनच थेंब, नवा नंबर, त्राटक यांचा उपयोग नाही. आपोआप जी सुधारणा व्हायची ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. सहा महिन्यांनंतर फार आशा लावू नये. पण सवयीने होणारी सुधारणा पुढेही चालू राहते, अर्धाचंद्र यांनी लिहिलंय तीच. "गेलेली दृष्टी परत" अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. चष्म्यावर चिकटवायचे प्रिझम मिळतात, ते डावीकडची हालचाल थोडी आत आणून दाखवतात. काहींना जमतात, काहींना गरगरतं. डोळ्यांच्या रुग्णालयात लो व्हिजन (कमी दृष्टीच्या) विभागात तपासून आधी उधार वापरून बघा.

वाचनासाठी पानाच्या डाव्या कडेला ठळक लाल पट्टी लावा. ओळ संपली की लाल रंग दिसेपर्यंत मागे यायचं, मग पुढची ओळ. शब्दांची सुरुवात गिळली जाते ती यानेच थांबते. 'अ' आणि 'वि'ने सुरू होणारे शब्द दोनदा वाचायला सांगा, अर्थच उलटा होतो.

अजून एक. त्या आंधळ्या बाजूला कधी माणसं, नक्षी, फुलं दिसल्याचं ते सांगतील. कधीकधी मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो. वेड लागलेलं नाही, बाहेरची बाधाही नाही. पण न्यूरोलॉजिस्टना सांगाच, कारण झटक्यातही (फिट येते त्यात) असं दिसू शकतं. झटक्याच्या गोळ्या चालू असतील तर परस्पर बंद करू नका. त्यातल्या लेव्हेटिरासेटाम या गोळीने काहीजण चिडचिडे होतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

कृष्णाकाठ
चिडचिड गोळीची असू शकते? मी चार महिने स्वतःलाच दोष देतेय! एक सांगा, चटणी उजवीकडे वाढू की डावीकडेच?

अर्धाचंद्र
डावीकडेच. माझ्या आईने प्रेमाने सगळं उजवीकडे मांडलं आणि माझी मान सहा महिने वळली नाही.

चष्मेबद्दूर
ताटापुरतं मान्य. गरम चहा, आमटीची वाटी आणि विळी मात्र उजवीकडे.

फाइलवाला
नोकरीचं मी सांगतो. घाबरून राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती लिहून देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०(४): सेवेत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. कायद्याच्या व्याख्येत शासन अनुदान देतं त्या संस्थाही येतात.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी) पोर्टलवर अर्ज करा. फक्त तक्ता वाचून "दृष्टी सहा बाय सहा" असा शेरा मारून परत पाठवतात, माझ्या मेहुण्याला दोनदा पाठवलं. म्हणून पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राचा अहवाल, एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त मिळालं तर जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात ७५,००० रुपयांची वजावटही आहे.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. किल्ली डब्यात, डाळीखाली गेलीय. पेरिमेट्रीची तारीख मिळाली. काल बटाटे मोजले, दहापैकी सहा. पट्टीवरून मात्र वाद झाला. "आयुष्यभर लाल शाईने पोरांच्या चुका काढल्या, आता माझ्याच पानावर लाल नको," म्हणाले. हिरवी लावली तर चालेल ना?

चष्मेबद्दूर
चालेल की. ठळक घ्या, पोपटी नको.