सोळा वर्षांचा पेशंट म्हणतो, ‘घरी सांगू नका.’ सांगायचं का?

विट्याचा डॉक्टर
अकरावीतला मुलगा, सांगलीत क्लासला असतो. सुट्टीला आला तो एकटाच दवाखान्यात. झोप नाही, छातीत धडधड. ईसीजी ठीक. बोलता केल्यावर कळलं, रूमवर मावा आणि रात्री जागायला कुणीतरी दिलेल्या गोळ्या. ‘पप्पांना कळलं तर क्लास सोडवतील.’ पप्पाही माझेच जुने पेशंट. मी अजून गप्प आहे. जिवाला धोका नसेल तर पोराचा शब्द पाळावा, असं माझं मत. चुकतंय का?

पलूसचा बाप
चुकतंय. दात काढायचा तरी आमची सही घेता, मग इथंच आम्ही परके कसे? गोळ्यांनी उद्या काही झालं तर निस्तरायचं आम्हीच. आणि एवढं गुपित, तर इथं कशाला लिहिलंत?

विट्याचा डॉक्टर
टोला मान्य. वय सोडून सगळे तपशील बदललेत.

साताऱ्याची वकील
सही आणि गुपित यांची गल्लत नको. सज्ञान वय १८, हे १८७५ च्या कायद्यापासून. म्हणून सही पालकाची. ‘बाराच्या पुढं मुलाची संमती चालते’ असं डॉक्टर मंडळी म्हणतात, ते फौजदारी कायद्यातून उचललेलं. तिथं एवढंच आहे की बाराच्या आतल्याची संमती धरत नाहीत. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक निकालानंतर सोळाच्या आतलं मूलही, पुरेशी समज असेल तर, उपचाराला स्वतः हो म्हणू शकतं. आपल्याकडं तसं नाही.

मिरजेची स्त्रीरोगतज्ज्ञ
प्रश्न मावा-गोळ्यांचा आहे म्हणून तुम्हाला गप्प बसायची मुभा तरी आहे. सतरा वर्षांची गरोदर मुलगी आली, लग्न झालेली असली तरी, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम १९ नुसार मला पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. गर्भपाताला पालकाची लेखी संमती. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. पण हे पोरींपर्यंत पोचलंय कुठं? पोलिसाच्या धास्तीनं त्या येतच नाहीत. कुठून तरी गोळ्या आणून खातात आणि रक्त थांबेना झालं की मग आमच्याकडं.

पलूसचा बाप
म्हणजे कायदासुद्धा आमच्याच बाजूनं.

कराडची, एस. वाय.
काका, मी सोळाची असताना फॅमिली डॉक्टरांना म्हणाले होते, जगावंसं वाटत नाही. संध्याकाळपर्यंत आत्याला, मग चुलत घरात. घरी सांगायलाच हवं होतं, हे आता कळतं. पण मला न विचारता, माझ्या पाठीमागं? पुढची दोन वर्षं मी कुठल्याच डॉक्टरला काही सांगितलं नाही. ताप आला तरी ‘बरी आहे’.

विट्याचा डॉक्टर
अशा वेळी मीही सांगितलंच असतं. पण फक्त आईवडिलांना, तुला समोर बसवून. खरं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं आधीच कबूल करायला नको होतं, ती चूक मी या पोराच्या बाबतीत केलीय. मंगळवारी परत बोलावलंय. गोळ्या घेऊन ये, म्हटलंय. पप्पांना तोच सांगेल, मी शेजारी बसेन, असं सुचवणार आहे.

पलूसचा बाप
समोर बसवून सांगा, चालेल. आणि पोरगं नाहीच म्हणालं तर?

विट्याचा डॉक्टर
आधी गोळ्या कसल्या आहेत ते बघू द्या.